केदारच्या वाटेवरचे मुक्काम



आजचा विषय हिमालयातल्या तीर्थाचा आहे, पण सुरुवात आपल्या घरापासूनच करू. बारा ज्योतिर्लिंगांची जी पारंपरिक यादी तुमच्या-आमच्या घरांत सकाळी म्हटली जाते, तिच्यात शेवटची दोन नावं शेजारी-शेजारी येतात. एक हिमालयातलं केदार आणि दुसरं आपलं वेरूळचं घृष्णेश्वर. यादीत शेजारी, पण जमिनीवर? सरळ रेघ मारली तरी साधारण बाराशे किलोमीटर. वेरूळ आपल्या या शहरापासून तीस किलोमीटरवर आहे. दुपारचं जेवण करून निघालं तर दर्शन घेऊन संध्याकाळच्या चहाला माणूस घरी. केदारनाथ समुद्रसपाटीपासून साधारण 3,583 मीटर उंचीवर. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. एका कळसूबाईवर दुसरी ठेवली तरी केदार वर उरतं.

गेल्या काही वर्षांत आमच्यातले काही जण दोनदा त्या वाटेनं जाऊन आले. देवदर्शनाला गेलो हे खरंच, ते लपवायचं काही कारण नाही. पण इतिहासाची आवड असलेली माणसं देवळात जाऊन आली तरी बाहेर येऊन आधी विचारतात, की ही ओवरी कोणी बांधली? ही पायरी कोणी घातली? पूर्वी लोक इथे कसे येत असतील? आणि आपल्याकडचे, म्हणजे मराठवाड्यातले लोक येत होते का? आज या प्रश्नांबद्दल बोलायचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पर्वतावर जाता येत नसेल तर पर्वतच इकडे आणायचा, हा एक मार्ग आपल्या पूर्वजांनी काढलेला होता. वेरूळचं सोळा नंबरचं लेणं, कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या नावावर ते सांगितलं जातं, म्हणजे आठव्या शतकाचा उत्तरार्ध. कातळ वरून खाली कोरत आणला, आधी शिखर आणि मग पाया. आज आपल्याला ते काळं-करडं दिसतं, पण त्याच्यावर पांढऱ्या गिलाव्याचे अवशेष ठिकठिकाणी आहेत. म्हणजे एके काळी ते पांढरं दिसत असावं आणि त्यात बर्फाच्या पर्वताचा भास व्हावा असा हेतू असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. ज्या मुलुखात बर्फ पडत नाही तिथे लोकांनी काळ्या बेसाल्टमध्ये बर्फाचा डोंगर केला. खाली रावण कैलास हलवतोय ते शिल्प तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलंच आहे.

दुसरा मार्ग चालत जायचा. आज आपण त्याच मार्गानं जाणार आहोत.

मराठी माणसाची मोठी यात्रा म्हणजे काशीयात्रा. प्रयाग, काशी, गया ही त्रिस्थळी. गंगेचं पाणी आणायचं, कावडीनं रामेश्वरला न्यायचं. नाथमहाराजांनी रामेश्वराच्या वाटेवर कावडीतलं पाणी तहानेल्या गाढवाला पाजलं ही गोष्ट पैठणच्याच नव्हे, अख्ख्या महाराष्ट्राच्या मुलांना ठाऊक आहे. गोष्टीत करुणा आहे, ती आपण घेतोच. पण इतिहास वाचणाऱ्यानं त्यातली दुसरी बाजूही पाहावी. उत्तरेतून पाणी घेऊन दक्षिणेच्या टोकापर्यंत पायी जाणं ही गोष्ट सोळाव्या शतकातल्या ऐकणाऱ्याला अशक्य वाटत नव्हती. वाट माहीत होती.

पुढे अठराव्या शतकात थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई 1735 साली उत्तरेच्या यात्रेला निघाल्या. वाटेत राजपूत राजांनी त्यांचा मान राखला. ती यात्रा पेशव्यांच्या राजकारणाचाही भाग होती. 1857 साली वरसईचे गोडसे भटजी उत्तरेला गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. तेही परत येताना आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन आले. यात्रेहून सुखरूप आलं की गंगापूजन करायचं, गावाला मावंदं घालायचं, हा रिवाज आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत होता. मावंदं कशासाठी? माणूस परत आला म्हणून. निघताना तो परत येईल असं कोणी गृहीत धरत नसे. लोक देणीघेणी मिटवून, जमिनीचं सांगून-सवरून निघत.

पण बघा, ही सगळी यात्रा सपाटीची आहे. काशी, गया, प्रयाग. हरिद्वारच्या वर, डोंगरात जाणारे त्या मानानं फार थोडे. जी नावं परंपरेत येतात त्यात एक आपल्या मराठवाड्याचं आहे. समर्थ रामदास, जालना जिल्ह्यातल्या जांबचे, जन्म 1608. त्यांनी बारा वर्षं तीर्थाटन केलं आणि त्यात बद्री-केदारही केलं, असं संप्रदायाची परंपरा सांगते. परंपरा ही परंपरा म्हणूनच घ्यावी. पण सतराव्या शतकातला मराठी माणूस साधूच्या वाटेनं तिथवर जाऊ शकतो ही कल्पना समाजात होती, एवढं त्यातून नक्की निघतं. साधू जाऊ शकतो, संसारी माणसाचं काय? पोरंबाळं मागे ठेवून आलेली, साठीला पोचलेली शेतकऱ्याची बायको कशी जाणार?

तिला तीन गोष्टी लागतात. डोक्यावर छप्पर, प्यायला पाणी आणि पोटात दोन घास. ठराविक अंतरावर, रोज. देऊळ तर वर आहेच, ते कुठे पळून जात नाही. प्रश्न मधल्या रात्रींचा असतो.

इथे आपल्याला अहिल्याबाई भेटतात. चौंडीच्या, म्हणजे जामखेड तालुक्यातल्या. जन्म 1725, कारभार 1767 ते 1795. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या देवळाशी होळकर घराण्याचा संबंध आपल्याला माहीत आहे. मालोजीराजे भोसल्यांनी जीर्णोद्धार केला, त्यानंतर गौतमाबाई आणि अहिल्याबाई या सासू-सुनांनी काम केलं. सोमनाथ, काशी, गया इथली त्यांची कामंही सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्या कामांची यादी नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. देवळं जितकी आहेत त्याहून जास्त धर्मशाळा, घाट, विहिरी, कुंडं, पाणपोया आणि अन्नछत्रं आहेत. बद्री-केदारच्या रकान्यात तर मुख्यतः धर्मशाळा आणि कुंडंच आहेत.

याचा एक साक्षीदारही आहे. सर जॉन माल्कम यांनी मध्य भारतावरचा आपला मोठा ग्रंथ 1823 साली प्रसिद्ध केला. त्यात ते नोंदवतात की केदारनाथकडे 1818 च्या सुमारास गेलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला तिथे डोंगरात अहिल्याबाईंनी बांधलेली दगडी धर्मशाळा आणि पाण्याचं कुंड आढळलं. 1818 म्हणजे बाई जाऊन तेवीस वर्षं झालेली. मधल्या काळात गढवालमध्ये 1803 चा मोठा भूकंप झाला होता. 1804 पासून 1815 पर्यंत गुरख्यांचं राज्य आलं आणि गेलं. पुण्यात पेशवाई संपत होती. आणि धर्मशाळा उभी होती, वापरात होती.

आता यातली गंमत पाहा. गढवाल हा काही होळकरांचा मुलूख नव्हता. तिथे श्रीनगरला गढवालचे स्वतंत्र राजे होते. हे श्रीनगर काश्मीरचं नव्हे, अलकनंदेच्या काठचं. मराठी फौजा 1772 साली रोहिल्यांच्या मुलुखात शिरल्या, गंगेकाठी शुक्रतालपर्यंत गेल्या, नजीबाबादचा पत्थरगड घेतला. पानिपताचा सूड म्हणून ते आपण वाचतो. पण फौज डोंगराच्या पायथ्याशी थांबली, वर चढली नाही. वर चढली ती धर्मशाळा. आणि तिच्यासाठी पैसा कुठला? दौलतीचा, म्हणजे सरकारी खजिन्यातला नव्हे. खासगीचा. खासगी जहागिरीचं उत्पन्न वेगळं, त्याचा हिशोब वेगळा, आणि दानधर्म त्यातून. हा फरक त्या काटेकोरपणे पाळत. कुठे तरी माळव्यातल्या गावच्या उत्पन्नातून मंदाकिनीच्या खोऱ्यात दगड बसत होते, आणि त्या छपराखाली कुठला यात्रेकरू झोपणार हे बांधणाऱ्याला कधी कळणार नव्हतं.

इंग्रजी अमलात पुढे काय झालं ते थोडक्यात. कुमाऊँ-गढवालचे कमिशनर ट्रेल यांच्या काळात यात्रेची वाट बांधायला सुरुवात झाली. त्यासाठी सदावर्ताचं उत्पन्न वापरलं, म्हणजे यात्रेकरूंना जेवू घालण्यासाठी पूर्वीच्या राजांनी जी गावं लावून दिली होती, त्यांचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाबा काली कमलीवाले यांनी वाटेवर धर्मशाळा आणि शिधा देण्याची सोय उभी केली, ती संस्था आजही आहे. आणि या सगळ्यातून जी गोष्ट तयार झाली तिला तिकडे म्हणतात चट्टी.

चट्टी म्हणजे काय? दर काही मैलांवर एक छपरांची ओळ. कधी दगडी, कधी नुसती गवताची. पुढे दुकानदार. तो तुम्हाला पीठ, डाळ, तूप विकणार आणि स्वयंपाकाला भांडी, झोपायला जागा त्यातच देणार. जागेचं भाडं वेगळं नाही. जवळ झरा. सकाळी उठायचं, ऊन चढायच्या आत पुढची चट्टी गाठायची, स्वयंपाक करायचा, आडवं व्हायचं. चालवत नसेल त्यांच्यासाठी कंडी, म्हणजे मजुराच्या पाठीवरची टोपली, आणि पैसेवाल्यांसाठी डंडी. जंगल चट्टी, गरुड चट्टी, यमुनोत्रीकडे हनुमान चट्टी, जानकी चट्टी ही नावं आजही नकाशावर आहेत. जंगल चट्टीला आम्ही चहा पीत बसलो तेव्हा चहावाल्या पोराला विचारलं, चट्टी म्हणजे काय रे? तो म्हणाला, नाव आहे, साहेब. बरोबरच आहे. त्याच्या दृष्टीनं ते आता नुसतं नाव आहे.

आपल्याकडून ही यात्रा सोपी कधी झाली? रेल्वे आली तेव्हा. हरिद्वारला रेल्वे 1886 साली पोहोचली. निजामाच्या राज्यातली मनमाड–हैदराबाद ही मीटरगेज लाइन 1900 च्या सुमारास औरंगाबादवरून सुरू झाली. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. कन्नड तालुक्यातला शेतकरी बैलगाडीनं औरंगाबादला येणार, मनमाडला गाडी बदलणार आणि पुढे आणखी गाड्या बदलत हरिद्वारला उतरणार. त्याच्या आजोबाला जिथे जायला महिने लागले असते, तिथे तो काही दिवसांत. पण हरिद्वारच्या पुढे मात्र आजोबा आणि नातू सारखेच. पायी. केदार, बद्री करून परत सपाटीला यायला दीड-दोन महिने.

1912 साली काका कालेलकर या वाटांनी चालले. साताऱ्यात जन्मलेला मराठी माणूस, बरोबर स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. पुढे त्यांनी त्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं ते गुजरातीत. कालेलकरांनी लिहिलं म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचं काय?

त्यांचं पंड्याच्या वहीत आहे. आपण ज्यांना तीर्थोपाध्याय म्हणतो तेच. बद्रीचे पंडे देवप्रयागचे. त्यांच्यातले बरेच जण आपले पूर्वज दक्षिणेतून, काही तर महाराष्ट्रातून आले असं सांगतात. केदारचे पंडे गुप्तकाशी-उखीमठच्या अवतीभवतीच्या गावांतले. यजमानांचे प्रदेश वाटून घेतलेले असतात. तुम्ही दिसलात की विचारणार, जिल्हा कुठला, तालुका कुठला, गाव कुठलं, कूळ कुठलं.

आमच्यासोबत एक बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या घरात एक गोष्ट सांगितली जायची, की पणजी बद्री-केदारला गेली ती परत आलीच नाही. एवढंच. कधी गेली, कुठे वारली, कोणाला काही माहीत नाही. परतीच्या वाटेवर गुप्तकाशीजवळ त्यांच्या भागाचे पंडे भेटले. घरी घेऊन गेले. लांबट, लाल कापडात बांधलेल्या वह्या. तासभर पानं उलटली. आम्ही कंटाळून अंगणात आलो होतो, तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला. गावाचं नाव सापडलं होतं. पुढे लिहिलेलं, मोगलाई. निजामाच्या मुलुखाला आपल्याकडे मोगलाईच म्हणत. संवत 1983, म्हणजे सन 1926. खाली चार नावं, पणजोबांची मोडीतली सही, आणि चौथं नाव पणजीचं. आमच्यातल्या एकाला मोडी वाचता येते, त्यानं ते दोनदा वाचून दाखवलं.

एवढंच. कुठल्या चट्टीवर ती गेली ते वहीत नाही, कारण वही येणाऱ्यांची असते. पण विचार करा. या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही. शाळेच्या दाखल्यावर नाही, ती शाळेत गेलीच नाही. घरात तिचा फोटो नाही. तिचं नाव जगात एका कागदावर लिहिलेलं आहे, आणि तो कागद तिच्या गावापासून हजारभर किलोमीटरवर, डोंगरातल्या एका घरात, लाल फडक्यात आहे. मराठवाड्याच्या स्त्रियांचा इतिहास लिहायचा तर साधनं कुठे शोधायची, असं विद्यार्थी आम्हाला विचारतात. एक साधन हे आहे.

आणि 1926 या सालामुळे आणखी काही कळतं. हृषीकेशच्या वरचा लक्ष्मणझुल्याचा लोखंडी पूल 1924 च्या पुरात वाहून गेला होता. नवा पूल 1930 साली सुरू झाला. म्हणजे ही मंडळी गेली तेव्हा तिथे पूल नव्हताच. एका ओळीच्या नोंदीला दुसरी तारीख जोडली की वाट दिसायला लागते.

आता या व्याख्यानातल्या अवघड भागाकडे येतो. डोंगर नेहमी उभा राहत नाही, कधी कधी खाली येतो. इथे दोन घटना शेजारी ठेवायच्या आहेत.

पहिली 1894 ची. आदल्या वर्षी, सप्टेंबर 1893 मध्ये, अलकनंदेला मिळणाऱ्या बिरही गंगेत प्रचंड दरड कोसळली. जवळपास 270 मीटर उंचीचा बांधच आपोआप तयार झाला आणि मागे पाणी साठत गेलं. त्याला गोहना ताल म्हणतात. हे पाणी कधी तरी फुटणार हे उघड होतं. इंजिनिअरांनी मोजमाप करून सांगितलं की पुढच्या ऑगस्टच्या मध्याला पाणी बांधावरून वाहू लागेल. तिथे माणूस बसवला. गोहनापासून हरिद्वारपर्यंत तारेची लाइन टाकली. पूर कुठपर्यंत चढेल त्याच्या खुणा काठावर केल्या, झुलते पूल उतरवले, यात्रेची वाट वळवली. 25 ऑगस्टच्या मध्यरात्री बांध फुटला. अलकनंदेकाठचं जुनं श्रीनगर शहर धुऊन गेलं. माणसं किती गेली? पाच. एका फकिराचं कुटुंब, ज्यांना हलवलं होतं पण ते परत जाऊन राहिले.

दुसरी घटना तुम्हा सर्वांना आठवते. 16 आणि 17 जून 2013. मोसमी पाऊस लवकर आणि भयंकर आला. यात्रेचा ऐन हंगाम. केदारनाथच्या वर चोराबाडी हिमनदीजवळचा तलाव 17 तारखेच्या सकाळी फुटला. केदारनाथ गाव मंदाकिनी आणि सरस्वती या दोन प्रवाहांच्या मध्ये, हिमनदीनं आणून टाकलेल्या गोट्या-मातीवर वसलेलं आहे. देवळामागे एक मोठी शिळा अडली, प्रवाह दुभंगला, देऊळ राहिलं. गाव गेलं. खाली रामबाडा हा मुक्काम तर नकाशावरून पुसला गेला. गौरीकुंडाचं गरम पाण्याचं कुंड गाळात गेलं. मृत आणि बेपत्ता मिळून संख्या पाच हजारांच्या वर. त्यात महाराष्ट्राचे लोक होते, मराठवाड्याचेही होते. या सभागृहातही त्या दिवसांत टीव्हीसमोर बसून नावांच्या याद्या पाहणारं कोणी तरी असेल.

आता कोणी म्हणेल, बघा, इंग्रजांनी वाचवलं आणि आपण बुडवलं. आम्ही असं म्हणत नाही. ती तुलना सोपी आहे आणि चूक आहे. गोहनाच्या वेळी अकरा महिने हातात होते, केदारला एक रात्रही नव्हती. 1894 मध्ये त्या खोऱ्यात असलेली माणसं किती आणि 2013 मध्ये किती? तुलना दुसऱ्या एका मुद्द्यावर करायची. 1894 मध्ये वाटेवर कोण आहे, कुठे आहे आणि त्याला निरोप कसा पोहोचवायचा हे माहीत होतं. यात्रा चट्टी-चट्टीनं चालत होती, त्यामुळे निरोपही चट्टी-चट्टीनं जाऊ शकत होता. 2013 मध्ये मुसळधार पावसाचा इशारा हवामान खात्यानं दिला होता. पण डोंगरात त्या क्षणी नेमके किती लोक आहेत आणि कोण कुठे आहे हेच कोणाला सांगता येत नव्हतं. नंतर कित्येक आठवडे आपण तेच मोजत बसलो. यात्रेकरूंची नोंदणी सक्तीची झाली ती त्यानंतर. पंड्याची वही जे काम करत होती, ते काम.

मग मधल्या काळात काय बदललं? रस्ता आला. चीनशी 1962 चं युद्ध झालं आणि सीमेसाठी डोंगरात रस्ते झाले. त्याच दशकात मोटार बद्रीनाथपर्यंत गेली. बसनं चट्ट्या संपवल्या. दुकानदार चट्टी सोडून रस्त्यावर आला. केदारला अजून गौरीकुंडापासून चालावं लागतं, पूर्वी चौदा किलोमीटर, 2013 नंतरच्या नव्या वाटेनं सोळा. गौरीकुंड दोन हजार मीटरच्या जरा खाली. म्हणजे एका दिवसात सोळाशे मीटर चढायचं. समुद्राच्या पातळीवरून कळसूबाईच्या माथ्यावर जाण्याइतकी ही चढण आहे, आणि तीही जिथे हवा आधीच विरळ आहे तिथून पुढे. वर पोहोचलात की आपल्या सवयीच्या हवेच्या जवळपास एक तृतीयांश हवा कमी.

जुन्या यात्रेकरूला हे विज्ञान ठाऊक नव्हतं. पण तो हरिद्वारहून चालत आलेला असे. रोज थोडं वर, रोज एक मुक्काम. त्याच्या शरीराला पंधरा-वीस दिवस मिळत. चट्टी ही नुसती झोपायची जागा नव्हती, ती शरीराला उंचीची सवय लावण्याची रीत होती. आज आपण काय करतो? संभाजीनगरहून विमानानं दिल्ली, दिल्लीहून रात्रभर गाडी, दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर, दहा मिनिटांत वर. 2022 च्या हंगामात चारधामच्या वाटेवर अडीचशेहून अधिक यात्रेकरू दगावले. ना पूर होता ना भूकंप, बहुतेकांची हृदयं थांबली.

संख्याही पाहा. 2019 साली केदारला एका हंगामात दहा लाखांचा आकडा ओलांडला, 2023 मध्ये तो एकोणीस लाखांच्या वर गेला. 31 जुलै 2024 च्या रात्री ढगफुटीनं वाट ठिकठिकाणी तुटली आणि हजारो लोकांना पायी व हेलिकॉप्टरनं खाली आणावं लागलं. जोशीमठ जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलंय हे मिश्रा समितीनं 1976 सालीच सांगितलं होतं, आणि जानेवारी 2023 मध्ये घरांना पडलेल्या भेगा आपण पाहिल्या. 2025 च्या मार्चमध्ये सोनप्रयाग ते केदारनाथ अशा 12.9 किलोमीटरच्या रोपवेला केंद्र सरकारनं मंजुरी दिली. आठ-नऊ तासांची वाट छत्तीस मिनिटांत होईल असं सांगतात.

आम्ही रोपवेच्या विरोधात बोलायला उभे नाही. गुडघे गेलेल्या आईला देव दिसू नये असं म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. कंडीत बसून जाणारी पणजी आणि रोपवेत बसून जाणारी आजी यांच्या भक्तीत आम्हाला फरक दिसत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की रोपवे करा, पण मुक्कामाचा हिशोब कुठे तरी लिहा. वर पाठवण्याआधी माणसाला एक-दोन रात्री मधल्या उंचीवर ठेवायचं की नाही? वर एका वेळी किती माणसं मावतात? पाऊस आला तर त्यांना कुठल्या छपराखाली थांबवायचं? हे प्रश्न अहिल्याबाईंच्या कारभाऱ्यांनी दोन-अडीच शतकांपूर्वी विचारले होते, त्यांच्या पद्धतीनं. त्यांचं उत्तर दगडात होतं.

शेवटी थोडं व्यवहाराचं. तुमच्यातले काही जण येत्या अक्षय्यतृतीयेनंतर जाणार असतील. दोन दिवस जास्त काढा. गुप्तकाशीला एक रात्र राहा, जमलं तर दोन. धाप लागली आणि डोकं दुखायला लागलं तर खाली उतरा, देव रागावत नाही. आणि पंडा भेटला तर टाळू नका. दक्षिणेचं बोलणं आधी करून घ्या, हवं तर घासाघीस करा, पण वही बघा. जाण्यापूर्वी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्याकडून कोण गेलं होतं, गावाचं जुनं नाव काय, तालुका तेव्हा कुठला होता. नोंद सापडली तर फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, आणि खाली तुमच्यासोबत आलेल्या सगळ्यांची नावं लिहा. बायकांची आणि मुलींचीही, पूर्ण.

केदारचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात. आपल्याकडे बहिणी भावाला ओवाळतात त्या दिवशी तिकडे देवाची डोली उखीमठला खाली यायला निघते. सहा महिने वर कोणी नसतं, बर्फ असतं. त्या सहा महिन्यांत कधी तरी वेरूळला जा. कैलासाच्या समोर उभे राहा आणि शिखरावर कुठे पांढरा गिलावा उरलाय का ते शोधा. आम्हाला दोन-तीन जागा सापडल्या आहेत. त्या शिक्षिका बाईंना आम्ही तिथे घेऊन गेलो होतो, हिमालयातून आल्यावर. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, पणजीनं निघण्याआधी हे पाहिलं असेल का हो? कन्नडहून औरंगाबादला येणारी बैलगाडी वेरूळवरूनच येते. पाहिलं असेल.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आणि कोणाच्या घरी जुन्या यात्रेचा सीलबंद गडू, पत्र किंवा पंड्याची पावती असेल तर ती आम्हाला पाहायला नक्की आवडेल.